मास्तरने मनासारखा धरलेला आकडा

मास्तर म्हणजे काही शाळेतला मास्तर नव्हे. स्वतःची शाळाच त्याने अर्ध्यात सोडलेली. तो पोटापाण्यासाठी शर्यतीत सायकल चालवायचा, आणि त्या धंद्यातही जिंकणाऱ्यांतला नव्हता. सतरा वर्षांत एक शर्यत जिंकली असेल तर शपथ! त्याचं काम पाणक्याचं. मागे संघाच्या गाडीपाशी जायचं, आठ बाटल्या सदऱ्यात पुढून-मागून कोंबायच्या, आठव्या महिन्यातल्या बाईसारखं पोट सांभाळत दीडशे जणांतून वाट काढत पुढे यायचं आणि कप्तानाच्या हातात बाटली द्यायची. कप्तानाचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं. वारा सुटला तर आपण पुढे व्हायचं आणि त्याला आडोशाला घ्यायचं. एवढं सगळं करून शेवटचा घाट लागला, की मास्तरची दिवसभराची नोकरी संपली.

संपली म्हणजे काय, खरी तर तिथूनच सुरू व्हायची. एकवीस दिवसांची शर्यत, रोजचा एक टप्पा. आणि नियम असा, की टप्पा जिंकणाऱ्याला जेवढा वेळ लागला त्याच्यावर अमुक टक्के मुदत. तेवढ्यात पोचलात तर उद्या सायकलवर बसा, नाही तर गाशा गुंडाळा. मग डोंगराच्या दिवशी मागे पडलेले सगळे पाणके, सगळे जाडजूड गडी एक टोळी करून चढायचे. कोणी कोणाला टाकून जायचं नाही. त्या टोळीत एक माणूस लागतो आकडेमोड करणारा. किती टक्के, किती मिनिटं, किती किलोमीटर, आता जोर लावायचा की श्वास घ्यायचा, हे सांगणारा. तो म्हणजे आमचा मास्तर. घाटात तोंडाला फेस आलेला असताना हा पठ्ठ्या तोंडी भागाकार करायचा. दुसऱ्या संघांचे लोकसुद्धा विचारायचे, "मास्तर, किती?" आणि मास्तर सांगेल ती पूर्व दिशा.

त्याची पद्धत एकच. कानातल्या रेडिओवर पहिल्याची वेळ कळली नसेल, तर पहिला वाऱ्यासारखा गेलाय असंच धरायचं. सगळ्यात वाईट आकडा धरायचा आणि वर दोन मिनिटं गाठीला ठेवायची. सतरा वर्षं त्याने असंच केलं आणि त्याच्या टोळीतला एक माणूस कधी मुदतीबाहेर गेला नाही.

ही सवय त्याला ताईने लावली. ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि ताई वीस. तिने लाँड्री चालवली आणि ह्याला वाढवलं. लग्नबिग्न राहूनच गेलं, विचारलं तर म्हणायची, "एक पुरुष सांभाळतेय तोच डोक्यावरून पाणी आहे." लाँड्री म्हणजे एक खोली: दोन मोठी यंत्रं, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला लोखंडी दांडा आणि त्याला चिठ्ठ्या टाचलेले कपडे. वाफेने खिडकीची काच बारा महिने धुरकट. गिऱ्हाइकाला ती नेहमी एक दिवस उशिराचा वायदा द्यायची आणि काम एक दिवस आधी तयार ठेवायची. चढावरच्या हॉटेलच्या चादरी पोचवायला एक सायकल होती, पुढे ही मोठी टोपली. धाकटा ती सायकल दामटत चढ चढायचा. असा हा सायकलवाला झाला.

पण ताईने त्याला शर्यतीत कधी पाहिलं नव्हतं. एकदाही नाही! लाँड्री बंद ठेवून जायचं कुठे? टीव्हीवर बघायची, तर टीव्हीवर पुढचे दिसतात. मागची टोळी कोण दाखवतो? "आज तुझी टोपी दिसली रे," असं ती फोनवर सांगायची. ती टोपी दुसऱ्याच कोणाची असायची. मास्तर म्हणायचा, "हो ताई, मीच."

त्या वर्षी मास्तरला सदतीस पूर्ण झाली. संघाने सांगून टाकलं होतं, हे शेवटचं वर्ष. आणि त्याच वर्षी शर्यतीचा नकाशा आला, त्यात सतरावा टप्पा थेट ताईच्या रस्त्यावरून. लाँड्रीच्या दारावरून! मास्तरने नकाशा तीनदा पाहिला, मग मोबाईलवर मोठा करून पाहिला, आणि मग लहान पोरासारखा नाचला.

आता ह्या लोकांत एक रीत आहे. ज्याचं घर रस्त्यात लागतं त्याला त्या दिवशी सगळा घोळका वाट करून देतो. तो एकटा शंभर-दोनशे मीटर पुढे जातो, दारात उतरतो, घरच्यांना मिठी मारतो, आणि घोळका येऊन पोचला की पुन्हा त्यात मिसळतो. नियमात कुठे लिहिलेलं नाही, पण मोडत कोणी नाही. सतरा वर्षं मास्तरने दुसऱ्यांना वाट करून दिली होती.

"ताई, मी सगळ्यांच्या पुढे येणार," त्याने फोनवर सांगितलं. "एकटा. तुझ्या दारात थांबणार."

"थांबणार? आणि मग तुझी शर्यत रे?"

"अगं, देतात थांबू."

"बघ हं. उगाच माझ्यापायी नोकरी घालवशील." पण आवाजात काय आनंद होता! तिने तीस वर्षांत पहिल्यांदा दारावर 'आज बंद' लिहायचं ठरवलं आणि जुन्या पांढऱ्या चादरीवर निळ्या रंगाने 'धाकट्या' एवढंच रंगवलं. अक्षरं शेवटी मावेनात म्हणून 'ट्या' बारीक झाला, हेही तिने फोनवर सांगितलं.

सोळावा टप्पा डोंगराचा होता. तीन घाट, शेवटचा सगळ्यात वाईट. मास्तरने नेहमीसारखं काम केलं, तिसऱ्या घाटाच्या पायथ्याशी कप्तानाला शेवटची बाटली दिली आणि टोळीत आला. तीस-एक जण होते. तिथून रस्ता अरुंद खिंडीत शिरत होता आणि खिंडीत कानातले रेडिओ मुके झाले. संघांच्या गाड्या पुढे गेलेल्या. पहिला कुठवर पोचला, किती वेगात आहे, काही पत्ता नाही.

"मास्तर, किती धरायचं?" मागून कोणीतरी ओरडलं.

इथे मास्तर चुकला. चुकला म्हणजे भागाकार चुकला नाही, तो कधीच चुकायचा नाही. त्याच्या मांड्या त्या दिवशी पेटल्या होत्या आणि त्याला त्या उद्यासाठी हव्या होत्या. उद्या ताईच्या दारासमोर तो एकटा पुढे निघणार होता. रस्ता करून दिला तरी पुढे निघायला पायांत जीव लागतो ना! मरगळून, तोंड वाकडं करून ताईसमोर जायचं का? रुबाबात जायचं होतं. आणि म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाईट आकडा न धरता मनासारखा धरला.

"पहिल्याला पाच तास धरा," तो म्हणाला. "बारा टक्के म्हणजे छत्तीस मिनिटं. आपण पाच चौतीसला पोचू. सावकाश घ्या."

टोळीतले पंचवीस जण कुरकुरले. "पाच? मागून वारा होता की सगळा दिवस!" म्हणत ते जोर लावून पुढे गेले. चौघे मास्तरच्या मागेच राहिले. एक त्याच्याच संघातला दाढीवाला होता, बाकीचे तिघे इतर संघांचे. दाढीवाला म्हणाला, "मास्तरने सांगितलंय ना? मग झालं." किती सहज म्हणाला तो! ते वाक्य पुढे कायम मास्तरच्या कानात राहिलं.

शेवटचे सहा किलोमीटर उरले असताना खिंड संपली आणि कानातला रेडिओ खरखरला. पहिला येऊन पाव तास होऊन गेला होता. चार तास छप्पन्न मिनिटं!

मास्तरने भागाकार केला. नको होता करायला, पण डोक्याला सवय. मुदत पाच तास एकतीस मिनिटं एकतीस सेकंद. म्हणजे आपण पोचायचं धरलं त्याच्या अडीच मिनिटं आधी. आणि वर चढच चढ.

"गड्यांनो," तो म्हणाला, आणि मागे वळून पाहिलं. "गड्यांनो, मी चुकलो. ओढा!"

कोणी शिवी दिली नाही. शिवी द्यायलाही दम लागतो. पाचही जणांनी जीव काढला. मास्तर पुढे लागला आणि बाजूला झालाच नाही. वारा, चढ, सगळं स्वतःच्या छातीवर घेतलं. उद्यासाठी राखलेले ते पाय त्याने आज जाळले. शेवटच्या वळणावर एक जण उलटी करत होता आणि तरी पायडल मारत होता. रस्त्याकडेचे लोक ओरडत होते, "चला, चला!" पांढरी रेघ दिसली. वरचं घड्याळही दिसलं.

पाच तास एकतीस मिनिटं बेचाळीस सेकंद. अकरा सेकंदांनी गेले.

टोळी मोठी असली तर पंच कधी कधी कानाडोळा करतात. तीस जणांना घरी पाठवलं तर शर्यतीत उरणार कोण? पण पाच जणांसाठी कोण डोळे मिटतो? एक पंच बाई आल्या. वयस्क, चेहरा मायाळू. त्यांनी एकेकाच्या पाठीवरचा नंबर सोडवायला घेतला. चार टाचण्या काढायच्या, कापड घडी करून पिशवीत टाकायचं. मास्तरच्या पाठीशी आल्या तेव्हा म्हणाल्या, "माफ करा हं." मास्तरने चौघांकडे पाहिलं. ह्यातल्या दोघांची ही पहिलीच मोठी शर्यत होती. दाढीवाला खाली मान घालून बसला होता. मास्तर त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मी मुद्दाम कमी जोर लावला रे. घरासाठी." सगळं सांगून टाकलं. दाढीवाल्याने बुटांच्या पट्ट्या सोडल्या. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी तुला ढकलत नेलं असतं उद्या." आणि उठून बसकडे गेला.

संध्याकाळी मास्तरने फोन लावला.

"ताई, मी उद्या येतोय."

"माहितीय की! किती वाजता?"

"सकाळच्या गाडीने."

पलीकडे यंत्र घरघरत होतं. ते बंद झालं. "पडलास का? लागलंय कुठे?"

"नाही गं. धडधाकट आहे."

"मग बास," ती म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. मास्तरला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो साध्या कपड्यांत ताईशेजारी लाँड्रीच्या दारात उभा राहिला. गल्ली माणसांनी फुलली होती. शेजारचा चप्पल शिवणारा त्याला बघून गोंधळला, "अरे, तू इथे कसा?" आणि मग समजून बाजूला सरकला. ताईने चादर आणलीच होती, पण घडी उलगडली नाही, काखेत तशीच धरून ठेवली. पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या. मग तो आवाज आला, दीडशे साखळ्यांचा एकत्र सरसर आवाज. मास्तरने तो सतरा वर्षं आतून ऐकला होता, बाहेरून पहिल्यांदाच. कोणाला वाट करून द्यायची नसल्यामुळे घोळका पूर्ण वेगात होता. वारं अंगावर आलं, रंग डोळ्यांपुढून ओढले गेले, आणि गल्ली रिकामी झाली.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं."

"एवढंच असतं?"

"एवढंच असतं, ताई."

लोक पांगू लागले. ताई अजून रस्त्याच्या वरच्या टोकाकडे बघत होती. "ह्यात तू कुठे असायचास रे?"

मास्तरला आता राहवेना. "मागे गं. नेहमी मागेच. टीव्हीत तुला दिसायची ती टोपी माझी नव्हती. काल पाय राखायला गेलो मी, आज तुझ्या दारात सगळ्यांच्या पुढे यावं म्हणून. पाय राखले आणि बाहेर पडलो. चौघांना घेऊन पडलो."

ताई त्याच्याकडे वळली. तिच्या हातांना इस्त्रीच्या वाफेचा वास होता. तिने ते दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले, लहानपणी ठेवायची तसे.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "पुढे ये असं मी कधी म्हटलं तुला? मी आज दुकान बंद ठेवलं होतं. शेवटचा माणूस जाईपर्यंत उभी राहणार होते मी."

मास्तर तिच्या खांद्यावर डोकं टेकून सगळ्या गल्लीदेखत हमसून हमसून रडला.