मेथीची जुडी आणि सेंट पॅट्रिक

गल्फमध्ये राहणाऱ्याच्या घरात दोन गोष्टी न सांगता साठतात. रिकामी खोकी आणि किस्से! खोकी कपाटावर चढतात, कधीतरी गावी सामान न्यायला लागतील म्हणून. किस्से मात्र कपाटावर राहत नाहीत. चार माणसं चहाला बसली की एक खाली येतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि चहा गार होऊन जातो. आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी सेंट पॅट्रिकच्या किश्श्यांना. कऱ्हाडचे कांबळे, रत्नागिरीचे परकार आणि आयर्लंडचा संत, यांचा एकमेकांशी संबंध काय, असं नवीन माणूस विचारतोच. तेच सांगते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बहारीनला, मनामात जुन्या बाजाराच्या मागे एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. आमचे हे मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग फोरमन. समोरच्या दारात परकारभाई, एका ऑफिसात क्लार्क, त्यांची बायको हमीदाभाभी आणि नऊ वर्षांचा इम्रान. इम्रानला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्येच यायचं.

आमची दीपा सात वर्षांची. आदल्या ऑगस्टमध्ये मी तिला कऱ्हाडहून घेऊन आले आणि इम्रानच्याच छोट्या इंग्लिश शाळेत घातलं. घरात ही पोरगी आमचे कान किटवायची, पण शाळेच्या गेटातून आत गेली की तोंडाला कुलूप! ऑगस्ट ते मार्च, शाळेत एक शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. शेवटी शाळेचं पत्र आलं की वर्षअखेरपर्यंत बोलली नाही, तर तिला खालच्या वर्गात बसवावं लागेल. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, तसं झालं तर जूनमध्ये तिला घेऊन कऱ्हाडला परत जायचं. हे इथे, आम्ही दोघी तिथे. ह्यांना अजून सांगितलं नव्हतं.

तिच्या टीचर मिस नोरा. आयर्लंडच्या, पन्नाशीच्या, बहारीनमध्ये एकट्याच राहायच्या. मार्च लागला की त्यांच्या गळ्यात एक हिरवा रेशमी स्कार्फ यायचा, तो महिनाभर उतरायचा नाही. त्या वर्षी त्यांनी प्रत्येक मुलाबरोबर घरी एक कागद पाठवला. सतरा मार्चला आमच्या देशाचा सण असतो, तो मुलांबरोबर घरी असा साजरा करा! संताची गोष्ट सांगा, हिरवं घाला, तीन पानांचा शॅमरॉक छातीला लावा, लेप्रेकॉनसाठी सापळा बनवा आणि जेवायला काहीतरी आयरिश करा. लेप्रेकॉन म्हणजे त्यांच्याकडचा टीचभर उंचीचा बुवा, सोन्याचं मडकं लपवून ठेवतो म्हणे.

रमजान चालू होता. मला वाटलं, भाभी नको म्हणतील. भाभींनी कागद माझ्याकडून समजून घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, संत हाय ना? मग करू या. संताला नाय म्हणू नये."

*

पहिली सूचना गोष्टीची. ती परकारभाईंकडे आली, कारण त्यांचं इंग्लिश आमच्यात सगळ्यात भारी. दोन्ही पोरांना समोर बसवून त्यांनी सांगितलं की या संताने आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलून दिले.

इम्रान म्हणाला, "बट डॅडी, व्हेअर डिड दे गो?"

परकारभाई रोज्याने दमलेले. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कुठं जातील? पोहत पोहत रत्नागिरीला! आजोबांच्या आंब्याच्या बागेत फिरतात ते सगळे आयरिशच!"

झालं! त्यांची लीव्ह मे महिन्यात होती, विमानाची तिकिटं आलेली होती. इम्रान म्हणाला, मी येणार नाही. "आय ॲम नॉट गोइंग टू द स्नेक प्लेस!" दोन दिवस समजावलं, रागावून झालं, गाडीचं आमिष दाखवून झालं. पोरगा ऐकेना.

तिसऱ्या दिवशी परकारभाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "अरे, ताजी खबर आली हाय. रत्नागिरीत आता एकपण साप नाय. सगळे देवगडला गेले!"

रत्नागिरीचा माणूस देवगडला दुसरं काय पाठवणार!

*

दुसरी सूचना, हिरवं घाला. आमच्या घरात एप्रिलच्या जयंतीमुळे निळ्या कपड्यांना तोटा नव्हता. ह्यांचे शर्ट निळे, दीपाचा फ्रॉक निळा, पडदेसुद्धा निळे. हिरव्याच्या नावाने भांडी घासायची एक घासणी! सणाच्या दिवशी आयांनाही शाळेत बोलावलं होतं. म्हणून मी बाजारात जाऊन हिरवी साडी घेतली, आणि साडी घेतलीच आहे तर दोन डझन हिरव्या बांगड्याही भरून घेतल्या.

बांगड्यांच्या दुकानात ओळखीच्या एक मराठी बाई भेटल्या. माझ्या हातातल्या साडीकडे बघितलं, बांगड्यांकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाल्या, "जपा हं!" मी म्हटलं, हो जपते. मला वाटलं, काचेच्या बांगड्या आहेत म्हणून सांगतायत.

दोन दिवसांनी हे ड्यूटीवरून आले ते हातात कैऱ्यांची पिशवी घेऊन. चेहरा कावराबावरा. बूटसुद्धा न काढता दारातच उभे.

"हे काय?" मी विचारलं.

"वर्कशॉपमधल्या पोरांनी दिल्यात. तुझ्यासाठी." मग जरा घुटमळून म्हणाले, "अख्ख्या मीना सलमानला ठाऊक आहे. मला कधी सांगणार होतीस?"

मी हसून हसून खाली बसले. तर हे धावत आले, "अगं सावकाश, सावकाश!"

*

तिसरी सूचना शॅमरॉकची. मनामात असलं पान कुठे मिळणार? मी कागदावरचं चित्र कापून ह्यांच्या खिशात घातलं आणि म्हटलं, येताना भाजीबाजारात दाखवून विचारा.

ह्यांनी भाजीवाल्याला चित्र दाखवलं. त्याने क्षणभर बघितलं आणि सरळ दोन जुड्या पिशवीत टाकल्या. घरी आल्यावर मी पिशवी उघडली. मेथी!

मी वैतागले. मग एक काडी चित्राशेजारी धरली. तीन पानं, गोल गोल, तशीच्या तशी. भाभींना दाखवली, त्यांनी पण मान डोलावली. सतराच्या सकाळी मी दोन्ही जुड्या धुऊन पुसून शाळेत नेल्या. मिस नोरांनी एक डहाळी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "मिसेस कांबळे, मी इतकी वर्षं इथे हिरव्या कागदाची पानं कापतेय!"

अठ्ठावीस मुलांच्या छातीवर मेथी लागली. प्रार्थना झाली, गाणं झालं, सगळ्या आया भारावून गेल्या. तासाभराने ऊन चढलं, मेथी कोमेजली आणि अख्ख्या वर्गात असा काही वास सुटला की विचारू नका. माझ्या शेजारी बसलेल्या एक गुजराती बाई हळूच म्हणाल्या, "बहेन, मुझे थेपले की बहुत भूक लगी है!"

*

सापळ्याचं काम ह्यांच्याकडे होतं. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की बुटाचा खोका घ्या, त्याला भोक पाडा, आत चॉकलेटचं नाणं ठेवा. पण फोरमन माणूस पुठ्ठ्याला हात लावेल का! ह्यांनी वर्कशॉपमधून जाळीचे तुकडे आणले, सळ्या आणल्या, स्प्रिंग बसवली, बाजूला लपवलेली खिट्टी केली. दीपा रोज संध्याकाळी शेजारी बसून बघायची आणि सतराशे प्रश्न विचारायची. पिंजरा तयार झाल्यावर हे अभिमानाने म्हणाले, "वीस किलोचा लेप्रेकॉन आला तरी सुटणार नाही!"

शाळेत सगळे सापळे टेबलावर मांडले होते. खोके, डबे, चकचकीत कागद, आणि मधोमध आमचा तुरुंग! हेडमास्तर बघायला आले. उंचेपुरे इंग्रज, गळ्यात लांब टाय. आत काय आहे म्हणून वाकले, टाय आत लोंबला आणि खटकन दार मिटलं.

साहेब टेबलावर वाकलेले ते वाकलेलेच! कुणालाच ते दार उघडेना. टाय कापायचा म्हटलं तर साहेब नको म्हणाले, तो त्यांच्या वडलांचा होता. शेवटी मी ऑफिसमधून वर्कशॉपला फोन लावला.

इकडे सगळे धावपळ करतायत, तेवढ्यात दीपा उठली. शांतपणे टेबलापाशी गेली, जाळीखाली बोट घालून खिट्टी दाबली. दार उघडलं! हेडमास्तर सरळ झाले, मान चोळत म्हणाले, "थँक यू! व्हॉट्स युवर नेम?"

दीपाने मान खाली घातली. साहेब थांबले, पुन्हा विचारलं, परत थांबले. सगळ्या आया तिच्याकडे बघत होत्या. नाव एवढंच सांगायचं होतं, स्वतःचं नाव. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि त्याच क्षणी आमचे हे दारातून आत शिरले. कपाळावर गॉगल, खांद्यावर गॅस कटर, मागे सिलिंडर ओढणारा हेल्पर. "यल्ला, चला चला, कुठं अडकलाय माणूस?"

हेडमास्तरांनी दोन्ही हातांनी गळा धरला आणि ते जे ऑफिसात गेले ते शाळा सुटेपर्यंत बाहेर आले नाहीत.

*

आता चिमट्याचा किस्सा. हा हसायचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

वर्गात एक अमेरिकन मुलगा होता. त्याने सांगितलं, या दिवशी ज्याच्या अंगावर हिरवं नसेल त्याला चिमटा काढायचा. मिस नोरांनी सांगून बघितलं, आमच्याकडे असलं काही नाही. पण चिमटे काढायला मिळतात म्हटल्यावर कुठलं पोरगं ऐकतंय!

आम्ही आया घरी गेल्यावर मधल्या सुट्टीत दीपाची हिरवी रिबन कुठेतरी पडली आणि मेथीही गळून गेली. पायात हिरवे मोजे होते, पण ते बुटात दडलेले. "हे बघ माझे मोजे," एवढं म्हणाली असती तर सुटली असती. पण ती म्हणाली नाही. शाळा सुटली तेव्हा तिच्या दंडावर लाल डाग होते आणि डोळ्यात पाणी.

गेटापाशी मिस नोरा माझी माफी मागायला आल्या. माझा बांध फुटला. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये मी म्हटलं, "मिस, जूनमध्ये मी हिला घेऊन इंडियाला जाते. कायमची. खलास." हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, आणि सांगताना मला रडू आलं.

 गळ्यातल्या स्कार्फचं टोक मिस नोरांनी बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. संध्याकाळी त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलेलं होतंच. एवढंच म्हणाल्या, "आय विल कम. टेल दीपा आय विल कम."

*

संध्याकाळी दोन्ही घरांची दारं उघडी टाकून आमच्या हॉलमध्ये सतरंजी घातली. एकाच पंगतीत परकारांची इफ्तारी आणि संताचा सण! आयरिश जेवण काय असतं म्हणून इम्रानला मिसकडून विचारून यायला सांगितलं होतं. निरोप आला, बटाटा आणि कोबी. हे म्हणाले, "म्हणजे आमच्या बॅचलर मेसमध्ये सहा वर्षं आयरिश जेवण होतं आणि आम्ही उगाच शिव्या दिल्या!" भाभींनी कोबी-बटाट्याबरोबर हिरव्या मसाल्याचं मटण केलं. रोजा असल्यामुळे त्यांना चव घेता येत नव्हती. दर पाच मिनिटांनी हाक यायची, "वहिनी, मीठ बघा गो!"

सगळे हिरवे झालो होतो. मी साडीत, भाभी हिरव्या ओढणीत, परकारभाईंच्या डोक्यावर हिरवी टोपी, इम्रानचा टी-शर्ट हिरवा. ह्यांना काहीच मिळालं नाही, म्हणून खिशाला ती भांड्यांची घासणी टाचली होती. दीपा मोजे वर ओढून कोपऱ्यात बसली होती, अगदी गप्प. मिस येणार म्हटल्यावर घराचीच शाळा झाली होती.

बेल वाजली. मिस नोरा दारात उभ्या. पांढरा ड्रेस, पांढरा पट्टा, पांढरी चप्पल, गळा मोकळा. नखभरही हिरवं नाही!

आम्ही सगळे बघतच राहिलो. तोंडावर कोण बोलणार? पाहुणी बाई, त्यात टीचर. परकारभाईंनी "वेलकम, वेलकम" म्हणून खुर्ची पुढे केली. मिस खुर्चीवर न बसता दीपाशेजारी सतरंजीवर बसल्या आणि सहज गप्पा मारायला लागल्या. त्यांचा उघडा दंड दीपाच्या नाकासमोर.

दीपाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मागे जाऊन पाठ बघितली. वाकून चपला बघून आली. मशिदीतून अजान सुरू झाली, भाभींनी खजूर उचलला, आणि दीपाने मिस नोरांच्या दंडाला कचकन चिमटा काढला.

"मिस! यू हॅव नो ग्रीन!"

मिस म्हणाल्या, "ओ डियर! आर यू शुअर?"

"येस! आय चेक्ड! एव्हरीबडी हॅज ग्रीन! पप्पा हॅज ग्रीन! आय हॅव सॉक्स, सी, सी! यू टोल्ड अस अँड यू फरगॉट!" पोरगी उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि आठ महिन्यांचं साठलेलं इंग्लिश त्या बाईच्या अंगावर ओतलं. मोजे, रिबन, चिमटे, खिट्टी, हेडमास्तरांचा टाय, सगळं.

मी पदर तोंडात धरला होता. ह्यांच्या हातातला ग्लास कलंडला तरी ह्यांना पत्ता नाही. अजान संपली, भाभींचा खजूर हातातच. इम्रान एवढा हबकला की आयुष्यात पहिल्यांदा मराठीत बोलला, "अम्मी, ही मिसशी बोलते!"

मिस नोरा दंड चोळत होत्या आणि प्रत्येक वाक्याला "सॉरी, दीपा" म्हणत होत्या.

जेवणं झाली, मिसनी मटण दोनदा मागून घेतलं. निघताना दीपा जिन्यापर्यंत त्यांना बजावत गेली, नेक्स्ट इयर डोन्ट फरगेट! हे टॅक्सी बघायला खाली गेले. मी पातेली उचलून गॅलरीत आले आणि सहज खाली बघितलं.

टॅक्सीचं दार उघडं होतं. मिस नोरांनी पर्स उघडली, त्यातून तो हिरवा स्कार्फ काढला, नीट गळ्यात बांधला आणि गाडीत बसल्या.