आपला डॉक्टर

चंडीगडला बदलीवर आलेला मराठी माणूस आजारी पडला की डॉक्टर शोधत नाही, ‘आपला’ डॉक्टर शोधतो. आमच्या मंडळात असे दोघे होते, दोघेही मोठ्या हुद्द्यांवर. एक हृदयाचे, दुसरे मूत्रपिंडाचे. गणपतीत दोघांनाही शाल-श्रीफळ मिळायचं आणि आधी कुणाला द्यायचं यावर कार्यकारिणीची बैठक व्हायची.

मुलगी अकरावीत असताना तिचा घसा धरला. ताप, मानेला गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि विचारलं असेल त्यापेक्षा जरा जास्तच द्यायची. आता ती नुसती मान हलवू लागली.

बायकोने घशाचा फोटो काढून हृदयवाल्या सरांना पाठवला. त्यांनी सांगितलं, व्हायरल आहे, सध्या हवाच तशी आहे, गुळण्या करू द्या. ताप उतरेना, म्हणून तोच फोटो मूत्रपिंडवाल्या सरांकडे गेला. ते म्हणाले, उघड उघड बॅक्टेरियल, अँटिबायोटिक आजच सुरू करा. केलं. तिच्या अंगभर लाल पुरळ उठलं. हे ऐकून हृदयवाल्या सरांना आनंद झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण त्यांच्या आवाजात तरतरी आली. त्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या. आम्ही बंद केल्या, आणि दुसऱ्या सरांना हे कसं कळवायचं, म्हणजे ते दुखावणार नाहीत, याचा विचार करत बसलो. परमुलखात माणसं जपावी लागतात.

तोवर तिला पाणीही गिळवेनासं झालं. थुंकी रुमालात टिपावी लागे. दुपारी खोलीत गेलो तर ती पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसली होती आणि जागेपणी घोरल्यासारखा श्वास घेत होती. आडवं झालं की घसा बंद होतो, असं तिने खुणेनं सांगितलं.

“आता कुणालाही विचारू नका,” बायको म्हणाली. “गाडी काढा.”

गाडी काढतानाही मी हृदयवाल्या सरांना फोन लावलाच. ते मीटिंगमध्ये होते.

सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी दोन्ही सरांची नावं हुद्द्यांसकट सांगितली, म्हणजे आमची वेगळी दखल घेतली जाईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“वो तो ठीक है, अंकल जी. गला किसने देखा?”

कुणीच नव्हता पाहिला. शाल पांघरलेल्या दोन विद्वानांनी मिळून एक फोटो पाहिला होता.

त्यांनी बॅटरी लावून घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. टॉन्सिल मध्यभागी एकमेकांना टेकत आले होते. घशात फिरवलेला कापसाचा बोळा आणि रक्त तपासायला पाठवलं, सलाइन लागलं, सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. सूज वाढली तर श्वासासाठी नळी घालावी लागेल, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना बोलावून ठेवलं. हे त्यांनी बायकोला बाजूला नेऊन सांगितलं. मी ऐकणाऱ्यांतला नाही हे त्यांनी ओळखलं असावं.

अहवाल आले.

“दोनों हैं,” त्या म्हणाल्या.

विषाणू होता, आणि त्याच घशात जिवाणूही होता. विषाणूवर औषध नाही. पाणी, विश्रांती, आणि पोटातली प्लीहा सुजून नाजूक झाल्यामुळे बरेच आठवडे खेळ बंद. जिवाणूसाठी दुसऱ्या जातीचं अँटिबायोटिक, आणि ते मध्येच सोडायचं नाही. आधीचं औषध हा विषाणू अंगात असताना दिलं की पुष्कळांना असं पुरळ येतं. म्हणजे दोन्ही सर बरोबर होते, आणि त्यांच्या मधोमध आमच्या मुलीचा श्वास कोंडत होता.

नळीचं सामान पलंगाशेजारच्या ट्रेवर हिरव्या कापडाखाली ठेवलं होतं. आम्ही दोघं त्या कापडाकडे न बघता बसून राहिलो. मी तिचा प्रत्येक श्वास ऐकत होतो. तो सुधारतोय की मला तसं वाटतंय, हे ठरवण्याची माझी लायकी नव्हती.

दिवस कलता कलता डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घसा पाहिला आणि चमच्याने पाणी देऊन बघायला सांगितलं. मुलीने ते तोंडात धरलं. डोळे घट्ट मिटले. गळ्याची हालचाल झाली, थांबली, पुन्हा झाली, आणि पाणी आत गेलं. बायकोने पुढचा चमचा भरला.