अस्वलाच्या फोटोसाठी लावलेला कौल

मला एकच फोटो हवा होता. घाटाखालच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या रानात अस्वलाची मादी पिल्लं वाढवते, हे दाखवणारा. घाटमाथ्यावरच्या जंगलात अस्वलं आहेत हे सर्वांना मान्य आहे. पण संगमेश्वर तालुक्यात कुणाला अस्वल दिसलं, तर ते वाट चुकून खाली आलेलं ठरतं. पिल्लांना पाठीवर घेऊन वर्षानुवर्षं कुणी वाट चुकत नाही, एवढाच माझा मुद्दा होता. माझा संशोधनाचा प्रस्ताव छायाचित्र नसल्यामुळे परत आला होता, आणि तो मी त्याच वर्षी पुन्हा पाठवणार होते.

मादी कुठे येते हे मला ठाऊक होतं. माझं आजोळ घाटाच्या पायथ्याशी आहे. गावाच्या वरच्या अंगाला देवीची राई आणि राईतलं पडलेलं फळ कुणी उचलायचं नाही, असा गावाचा रिवाज. त्यामुळे मे महिन्यात तिथल्या जुनाट फणसाखाली पिकलेले फणस फुटून पडलेले असतात, आणि त्या वासावर ती घळीतून वर येते. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला माझा मामा आणि वाडीतली चार-पाच घरं मिळून पाहुण्यांना रान दाखवायला नेत. आधी पक्षी, धबधबे असं चालायचं. अस्वलाची बातमी पसरल्यावर पाहुणे फक्त अस्वलच विचारू लागले.

मग एका सकाळी मामाचा फोन आला.

"दगड मारला गो एकानं. अस्वल पाठमोरं होतं, तर तोंड फिरवावं म्हणून."

"आणि तू काय केलंस?"

"मी काय करतोय? ती उभी राह्यली, भुंकल्यासारखी ओरडली, चार पावलं अंगावर आली आन् घळीत उतरली. तेव्हापासून फिरकली नाय. गावाची बैठक बसणार हाय यावर. तू ये. जनावरांचं शिकलीस ना तू?"

मी गेले, आणि नियम तयार करूनच गेले. अंतर किती असावं, फ्लॅश नको, खाद्य टाकायचं नाही, जागा फोनवर जाहीर करायची नाही, तिने मान वर केली की सर्वांनी मागे सरायचं. मुद्दे सुस्पष्ट होते. अर्ध्या तासात विषय संपेल, असा माझा अंदाज होता.

बैठक मामाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात भरली. मी नियम वाचून दाखवले. सगळ्यांनी शांतपणे ऐकले, आणि मग शेजारचे भाऊकाका म्हणाले, "नियम झ्याक हायत. पण पाळायला लावणार कोण? पावना पैशे देतो. त्याला च्या पाजायचा आन् वर दटावायचं पण आमीच?"

"नाय दटावलं म्हणूनच दगड पडला ना?" मामी ओसरीवरून म्हणाली. "तुमच्या खळ्यात येऊन कुणी धोंडा मारला तर तुमी दुसऱ्या दिशी त्याच्यासमोर जेवाया बसाल?"

"फोटोच बंद करा मग," भाऊकाका म्हणाले.

"बंद केलेत तर येतंय कोण? इथं अस्वल बघाया थोडेच येतात? घरी जाऊन दाखवाया येतात," मामा म्हणाला.

वाद असा फिरत राहिला. शेवटी कुणीतरी म्हणालं की राई देवीची आहे, तर देवीलाच विचारावं. कौल लावावा.

ज्यांनी कौल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव दोन कळ्या ओल्या करून देवीच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतात. गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या शिक्षणाच्या भाषेत सांगायचं तर निम्मी-निम्मी शक्यता. माझा चेहरा मी शक्य तितका गंभीर ठेवला, पण गुरवकाकांना मी लहानपणापासून ओळखते आणि ते मला.

"हसतंयस मनात," ते म्हणाले.

"हसत नाही. नाणं उडवण्यापेक्षा हे वेगळं कसं, एवढंच विचारते."

"नाण्याला तू दहादा विचारशील. हिला एका हंगामात एकदाच विचारता येतं. म्हणून आधी प्रश्न नीट करा. एकच प्रश्न, आणि उत्तर हो किंवा नाय असंच यायला हवं."

ही अट मला मनापासून आवडली. प्रयोगाची मांडणी करताना आम्हीही हेच करतो. मी उत्साहाने पुढे सरसावले आणि त्यानंतरचा बराच वेळ गाव प्रश्न घडवत बसलं. फ्लॅश मारावा का, असं विचारायचं का? छे, ते देवीला कशाला विचारायचं, ते चुकीचंच आहे, म्हणून ते गळलं. दगडाचं तर विचारायलाच नको. फणस उचलून उजेडात ठेवावा का? राईतला फणस उचलायचाच नाही, तर ठेवणार कुठून? तेही गेलं. माझ्या नियमांवर जे घासाघीस करत होते तेच आता एकेक नियम, देवीचा वेळ वाया जाऊ नये म्हणून, आपणहून मान्य करत होते.

उरला तो एकच प्रश्न: राईत बसून या मादीचे फोटो काढावेत काय?

इथे मी हात वर केला. "माझा फोटो यात धरू नका. तो वेगळा आहे."

"वेगळा कसा गो, बाय?" मामाने विचारलं.

"तो कामाचा आहे."

"पावन्यांचा पण त्यांच्या कामाचाच असतो. घर सोडून उगाच येतात काय एवढ्या लांब?"

खळं हसलं. मीही हसले. पण मुद्दा तपासून पाहिल्यावर माझ्या हाती काही लागलं नाही. मादीला काय कळतं? अंतर, वास, आवाज, माणसांची हालचाल. लेन्समागच्या माणसाचा हेतू तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिच्या बाजूने मोजलं तर माझ्यात आणि त्या पाहुण्यांत फरक दाखवता येत नव्हता. माझा फोटो त्याच प्रश्नात गेला, आणि माझा प्रस्ताव दोन कळ्यांवर येऊन थांबला.

उन्हं कलल्यावर आम्ही राईत गेलो. तीसेक माणसं होतो. राईकडे चढणाऱ्या दगडी पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर चपला काढल्या. गुरवकाका म्हणाले, "ज्याच्याबद्दल विचारायचं ते हातात धरून विचारू नये." म्हणून मोबाइलही काढले. मामीने टोपली पुढे धरली. माझा कॅमेरा तीत मावत नव्हता. तो मी चपलांशेजारी जांभ्यावर ठेवला आणि दोनदा मागे वळून पाहिला.

देवीला गाभारा नाही. मोठ्या झाडांच्या बेचक्यात जांभ्याचा चौथरा आहे, त्यावर पाषाण. चौथऱ्याच्या पलीकडे जमीन घळीत उतरते, आणि घळीपलीकडच्या उतारावर तो फणस. गुरवकाकांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं. "बये, पिढ्यान्‌पिढ्या तुझ्या सावलीत राहणारी ही लेकरं आज तुझ्या दारात उभी हायत..." प्रत्येक वाक्यावर आम्ही म्हणत होतो, "होय महाराजा." प्रश्न मांडून झाला. मग नियम असा की कळी पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही.

कळी पडेना.

सहसा एवढा वेळ लागत नाही. हवेत दमटपणा किती असेल, पाषाण किती खडबडीत असेल, पाण्याचा थर किती वेळात सुकेल, असा हिशेब मी मनात मांडत होते. वारा घळीतून आमच्या दिशेने येत होता आणि त्याबरोबर पिकल्या बरक्या फणसाचा तो गच्च, गोड वास. एवढी माणसं एवढा वेळ गप्प बसलेली मी त्या गावात कधीच पाहिली नव्हती.

आणि मग आवाज आला. आधी मला तो आमच्यातल्याच कुणीतरी घशातून काढलेला वाटला. फूं करून माती उडवावी, आणि लगेच काहीतरी जोरात ओढून घ्यावं, असा. फुंकर, ओढ. फुंकर, ओढ. मी पुस्तकात वाचलं होतं की अस्वल वारुळातली वाळवी अशी ओढून घेतं आणि तो आवाज लांबवर जातो. वाचलेलं खरं होतं. पण तो आवाज छातीत ऐकू येतो, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

करवंदीची जाळी हलली आणि ती बाहेर आली.

काळा रंग म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. तिच्या अंगावरच्या लांब, विस्कटलेल्या केसांत उजेड शिरत होता आणि परत येत नव्हता. तोंड मात्र फिकट, राखेसारखं. पुढचे पंजे आत वळवून ती डुलत चालत होती, आणि प्रत्येक पावलाला नखं आधी टेकत होती, हस्तिदंती रंगाची, माझ्या बोटांएवढी लांब. मानेमागे, खांद्यांवरच्या दाट केसांत दोन पिल्लं होती. एक पुढे तोंड करून तिच्या डोक्यावरून डोकावत होतं. दुसरं उलटं बसलं होतं, मागे सुटत जाणारं रान बघत, केसांना घट्ट धरून.

माझ्या शेजारी बसलेल्या मामीने श्वास आत घेतला आणि तो सोडायला ती विसरली, इतकंच मला जाणवलं.

फणसाखाली ती बसली. जनावर बसतं तशी नाही. जेवायला बसावं तशी, पाय पसरून. फुटलेला फणस तिने पंजाने उघडला आणि तोंड आत घातलं. पिल्लं खांद्यावरून घसरली. एकाने आईच्या तोंडातलाच गरा ओढायचा प्रयत्न केला, आणि तिने एका पंजाने त्याला बाजूला सारलं. मामी मुलांना चुलीपासून सारते, त्यापेक्षा त्यात जास्त जोर नव्हता. तिची छाती आमच्याकडे वळली तेव्हा त्यावरची पांढरी खूण दिसली. एकदा तिने नाक वर करून हवा चाचपली. वारा तिच्याकडून आमच्याकडे येत होता. तिच्या लेखी आम्ही तिथे नव्हतोच. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणासाठी नसण्याचा असा आनंद झाला.

मी प्रशिक्षणाप्रमाणे निरीक्षण करत होते. पिल्लांचं अंदाजे वय, मादीची तब्येत, खाण्याचा क्रम. पण माझे हात मांडीवर रिकामे पडले होते. घाट केव्हा तयार झाला, ही प्रजाती या उतारांवर केव्हापासून आहे, हे मला शिकवलेलं आहे. तो सगळा काळ समोर बसून फणस खात होता, आणि एका पिल्लाला शिंक आली.

खाणं आटोपून ती उठली. पिल्लं पायांवरून, कुशीवरून चढत वर गेली, जागेवरून थोडी भांडली. ती थांबली, दोघं बसल्याची खात्री झाल्यासारखी, आणि जाळीत शिरली. उलटं बसलेलं पिल्लू शेवटपर्यंत दिसत राहिलं. मग पानं मिटली.

गुरवकाका सावकाश पाषाणाकडे वळले आणि वाकले.

दोन्ही कळ्या खाली पडलेल्या होत्या.

"कुठली आधी पडली?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अरे, कुणी बघितली?"

"मी अस्वल बघत व्हतो," मामा म्हणाला.

"मग तुमी कुठं बघत व्हता?" मामीने गुरवकाकांना विचारलं.

ते थोडे ओशाळले. "तिकडंच गो. पिल्लाला शिंक आली तेव्हा माझं काय टाळकं ठिकाणावर राह्यलं नाय."

माणसं तोंडावर हात धरून हसली. पण प्रश्न तसाच राहिला होता, आणि या हंगामात तो पुन्हा विचारता येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याचे पाहुणे यायचे होते. हळूहळू सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मनाई झालेली नाही असा अर्थ मी काढू शकत होते, आणि तो काढण्यात सर्वांत जास्त फायदा माझाच होता.

मी विचार केला, आणि तो भाविकपणाचा नव्हता. तीस माणसांसमोर ती पोटभर जेवली होती, तिने पिल्लं खाली उतरवली होती. हे घडलं ते तीस माणसांनी काहीही केलं नाही म्हणून. त्यात एका शटरचा आवाज घातला असता तर काय झालं असतं, ते मला माहीत नव्हतं. आणि ते तिच्यावर करून बघण्याची माझी तयारी नव्हती.

"या हंगामात कॅमेरा नको," मी म्हणाले.

"आन् तुझा?" मामाने विचारलं.

"माझाही नको."

प्रस्ताव मी पुढे ठरलेल्या वेळी पाठवला. राईत हजर असलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवून मी त्याची हकिकत लिहून घेतली आणि जोडली. एकाच्या मते मादी रेड्याएवढी होती, दुसऱ्याच्या मते पिल्लं तीन होती. उलट्या बसलेल्या पिल्लाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. छायाचित्राच्या जागी मी 'नाही' लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही, आणि तो फोटो मला अजूनही हवा आहे.

कौलाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. कॅमेरे मामाच्या घरीच ठेवायचे हे ऐकून दोघांनी गाडी तशीच वळवली. मामाचा चेहरा पडला, पण त्याने त्यांना अडवलं नाही. बाकीच्यांच्या बॅगा मामीने आतल्या खोलीत ठेवून दाराला कडी लावली. संध्याकाळी आम्ही राईत बसलो. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. गळ्यात कॅमेरा नसल्याने त्यांचे हात सारखे छातीशी जात होते आणि रिकामे परत येत होते.

"तुमच्याकडे तरी एखादा फोटो असेलच ना?" त्यांनी हळूच विचारलं. "नंतर दाखवा."

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

त्या काहीतरी म्हणणार होत्या. तेवढ्यात जाळीआडून, अगदी खालून, तो आवाज सुरू झाला. फुंकर, ओढ. फुंकर, ओढ. त्यांचा हात पुन्हा छातीशी गेला, आणि या वेळी तो तिथेच राहिला.