ओरडेल त्याचं आधी

वागळे इस्टेटमधल्या एका खोक्यांच्या कारखान्यात पोपटराव डिस्पॅच बघतात. बघतात म्हणजे काय, दोन फोन, एक टेंपो आणि सतरा ऑर्डरी यांच्या मधोमध उभे राहून घाम पुसतात. कुठला माल आधी सोडायचा, हे ते ठरवतात कसं? अहो, अगदी सोप्पं! जो जास्त ओरडेल त्याचा. हळू बोलणाऱ्याला घाई नसते, असा त्यांचा ठाम समज. ऑफिसातली मृणाल तर गिऱ्हाइकांना सरळ सांगते, "काका, दोन शिव्या घाला, माल निघालाच समजा."

त्या शुक्रवारी सकाळी डोंबिवलीहून त्यांच्या बायकोचा, कलावतीचा फोन आला. ती बालवाडीची बाई. पोरांवर ओरडून ओरडून घशात गाठ झालेली. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला सक्त मनाई केलेली.

"दुपारी ऑपरेशन आहे," ती कुजबुजली. "भीती वाटतेय हो. याल ना?"

"निघतोच!" पोपटराव म्हणाले. आणि खरंच निघाले होते, बरं का! डबा पिशवीत घातला, तेवढ्यात तळोज्याचे प्रीतमशेठ फोनवर कडाडले, "पोपट! माल आत्ताच्या आत्ता पाहिजे! नाहीतर तुझ्या मालकाला फोन लावतो!" झालं. पिशवी खाली. टेंपो शीळफाट्याला अडकला, शेठ पोपटरावांवर ओरडले, पोपटराव ड्रायव्हरवर. संध्याकाळी माल पोचला, तर गोडाऊनला कुलूप! "सोमवारी आणा की," शेठ म्हणाले, तेही एकदम गोड आवाजात.

पोपटराव हॉस्पिटलात पोचले तोवर ऑपरेशन उरकलं होतं. नातेवाईक म्हणून शेजारच्या गंगुबाई उभ्या राहिल्या होत्या. कलावतीला आता आठवडाभर अवाक्षर काढायचं नव्हतं.

"अगं, जरा जोर देऊन सांगायचंस ना!" पोपटराव उलट तिच्यावरच वैतागले.

"आवाज तिचा गेलाय," गंगुबाई फणकारल्या. "तुमच्या कानांना काय झालंय?"

पोपटरावांचा चेहरा पडला. "चुकलंच गं माझं," म्हणत ते स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. मनापासून बसले, खोटं कशाला बोला. कलावतीनं त्यांचा हात घट्ट धरला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.

"एकच मिनिट हं," म्हणत पोपटराव हात सोडवून बाहेर पळाले.

कलावतीनं गंगुबाईंना खूण केली, दार लावून घ्या.