विटेवरचं पाऊल

मंडळी, सकाळी गोठ्यासाठी विटा आणायला कर्जतजवळच्या भट्टीवर गेलो होतो. विटा भरणाऱ्या सोनीने एक वीट बाजूला ठेवली.

"ही नाय देनार, काका."

विटेवर इवलं पाऊल होतं. वीट ओली असताना तिच्या चार वर्षांच्या लेकीचा पाय पडलेला. ती पोर गेल्या महिन्यात तापाने दगावली.

चिखलात उमटून दगड झालेल्या पावलांवरून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव कसे चालायचे ते कळतं, हे मी पुस्तकं वाचून शिकलोय. सवयीने बोट फिरवलं. टाच जेमतेम टेकलेली, चवडा खोल रुतलेला.

"धावत होती गं ही."

"हां. मीच हाक मारली हुती."

मंडळी, दगडातलं पाऊल वाचता येतं मला. पुढे काय बोलायचं असतं?