सीलला कुणी विचारत नाही

टोकियोत लेकीकडे होते, तेव्हा मी रोज मत्स्यालयात सीलच्या हौदापाशी जाऊन बसायचे. तिथे ती यायची. जवळच्याच ग्योतोकु भागात राहणारी, मराठी, नवी बाळंतीण. एका पायानं बाबागाडी झुलवायची आणि ओढणीनं पोट झाकायची. निळ्या पाण्यात सील पिल्लाभोवती सावकाश फिरे. बघता बघता आम्हीही तरंगू लागायचो.

एक दिवस ती म्हणाली, "मावशी, पाटीवर लिहिलंय, पाजत असताना सील जवळजवळ खातच नाही. आधी साठवलेल्या चरबीचंच दूध होतं. आई रोड असली तर पिल्लूही रोड." मग हळूच म्हणाली, "हिला कुणी विचारत नाही, बारीक कधी होणार म्हणून."

ती स्वतः नुसत्या सॅलडवर होती. दूध आटत चाललं होतं, बाळ किरकिरत होतं.

मी तिला सांगितलं, मीही अशीच शहाणी होते. लेकीच्या बारशाला जुना ब्लाउज बसावा म्हणून उपाशी राहिले आणि पाळण्यासमोरच भोवळ येऊन पडले. ब्लाउज मात्र बसला होता हो!

हे ऐकून ती खळखळून हसली. मी पिशवीतला डिंकाचा लाडू तिच्या हातावर ठेवला. काचेपलीकडे खडकावर पिल्लू आईला लुचत होतं. तिनं एक कण मोडून चाखला, मग अख्खा लाडू संपवला आणि सीलवरची नजर न हलवता हात पुढे केला.

"अजून आहे?"