नाचणीबुवांची बिअर

आमच्या गावच्या मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर जेवायला बसले की जगाकडे पाठ करून बसत. सहा फुटांचा गडी, मिशा अशा की रडणारं पोर नुसतं बघून गप्प व्हावं, आणि डबा उघडायची वेळ आली की हा माणूस नव्या नवरीसारखा तोंड लपवणार! डब्यात नाचणीची भाकरी आणि चटणी. बारा महिने तेच. म्हणून गावानं त्यांना नाव ठेवलं, नाचणीबुवा.

गाडी संध्याकाळी भोरहून निघे, कापूरहोळला थांबे आणि मार्गासनी मागे टाकून आमच्या गावात मुक्कामाला येई. सकाळी परत. मी तेव्हा भोरला मास्तरकीचं शिकत होते, त्यामुळे माझं जाणं-येणं त्यांच्याच गाडीनं. कापूरहोळला बाकीचे ड्रायव्हर ढाब्यावर चपात्या हाणत, बुवा मात्र हातात चहाचा ग्लास घेऊन लांब उभे. कुणी आग्रह केला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पोट बरं न्हाई."

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वरच्या आळीला त्याचं काय? तिथली माणसं आमच्या दारात घोटभर पाण्यालाही थांबत नसत. बुवा राहायला भोरचे, पण जातीनं वरच्या आळीतल्यांपैकीच, तरी संध्याकाळी गाडी लावली की सरळ आमच्या ओट्यावर येऊन माझ्या वडिलांशी, आबांशी, तंबाखू मळत बसत. आबांना त्याचा कोण अभिमान! कुणी रस्त्यानं चाललं असलं की मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचे, "बुवा, जरा अलीकडं सरका की!"

बुवांच्या गप्पांत एक विषय हटकून यायचा. तरुणपणी ते पुण्यात ट्रकवर होते, तिथं त्यांना बिअरची गोडी लागली. "दारू मला कदी आवडली न्हाई, आबा. पन बिअर! गार, कडवट, आन् वर ह्यो फेस. मिशीला फेस लागला की दिवसभराचा शीण जायचा बगा." मग सोडली का, असं आबांनी विचारलं की बुवा तंबाखू थुंकायच्या निमित्तानं उठत आणि गाडीची चाकं बघायला जात.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. एका वर्षी चौदा एप्रिलला तो रजेवर आला, येताना कॅन्टीनमधून बिअरच्या बाटल्या घेऊन. आबांना काय हुरूप आला! जयंतीचं जेवण, आईनं सोललेल्या गव्हाची खीर केलेली, सगळी वस्ती अंगणात, आणि मधोमध पाटावर बुवा. भावानं बाटली फोडून ग्लास भरला. बुवांनी खिरीकडे बघितलं, फेसाकडे बघितलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "पोट बरं न्हाई."

अंगणात सगळ्यांचे हात थांबले. हे वाक्य आमच्या वस्तीला तोंडपाठ होतं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक साहेबाचं पोट नेमकं आमच्याच दारात बिघडायचं. चहाला बिघडायचं, पाण्यालासुद्धा बिघडायचं. आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते हळूच म्हणाले, "बुवा, तुमचंबी हितंच बिघडलं का?"

बुवा कानापर्यंत लाल झाले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, समोर बसलेल्या बायामाणसांकडे बघितलं आणि मिटलं. मग त्यांनी खिरीची वाटी उचलली नि तोंडाला लावली. दुसऱ्यांदा मागून घेतली. बिअरचा ग्लास रिकामा केला, बाटलीही संपवली. आबा त्या दिवशी इतके हसले, की आई म्हणाली, आता पुरे करा, लोक म्हणतील ह्यांनीच बाटली संपवली.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्यासोबत भोरला निघाले होते. मार्गासनी यायच्या आतच बुवांनी गाडी थांबवली आणि टमरेल घेऊन झुडपाआड पळाले. पुढे पुन्हा तेच. मग पुन्हा. गाडी माणसांनी भरलेली. कुणी खिदळलं, कुणी म्हणालं, ड्रायव्हरनं काल वस्तीवर काय खाल्लं कुणास ठाऊक. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापूरहोळला बुवा स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले, उठायचं त्राण नव्हतं. आबा पाणी घेऊन खिडकीशी गेले.

"आबा, काल म्या खोटं न्हवतो बोलत. मला गहू चालत न्हाई. जवबी न्हाई, आन् बिअर जवाची. पुन्याच्या डाक्टरनं जल्मभर बंद केलंय. खाल्लं की ही गत हुती. बायामानसांत कसं सांगू, मला हगवन लागती म्हनून?"

"मग खाल्लं कशापायी?"

"न्हाई खाल्लं असतं, तर तुमी मला तसला समजला असता."

आबांनी खिडकीचा गज धरला. "समजलोच हुतो, बुवा," ते म्हणाले.

आता त्या दुखण्याला सिलियाक म्हणतात, आणि गव्हा-जवाचा अंश नसलेली बिअर दुकानात बाटलीत मिळते म्हणे. तेव्हा कुठली? आईनं मात्र मनावर घेतलं. नाचणीला मोड आणले, वाळवून दळली, शिजवून गूळ घातला आणि मडक्यात मुरायला ठेवली. पहिल्या खेपेला बुवांचं पोट पुन्हा बिघडलं. आईला वाईट वाटलं, मग तिच्याच ध्यानात आलं, जात्याला गव्हाचं पीठ चिकटलेलं असणार! तिनं माहेरचं जुनं जातं आणवलं, नवं मडकं घेतलं, गाळायला नवं फडकं. आमच्या घरात बुवांसाठी हे सगळं वेगळं झालं आणि त्याला गव्हाचा हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पुढची खेप जमली. भावाच्याच रिकाम्या, उकळत्या पाण्यानं धुतलेल्या बाटलीत आईनं ती भरून दिली. ग्लासात ओतली तर वर चांगला बोटभर फेस! "वैनी, आली की वो माझी बिअर!" म्हणत बुवा आमच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, मिशी भिजेस्तोवर प्याले. पोटाला काही झालं नाही. त्या दिवसापासून ते डबाही आमच्याच ओट्यावर उघडू लागले. पाठ फिरवणं सुटलं.

मग त्यांची बदली झाली, दूर कोकणात. निरोप द्यायला आबा आणि मी भोरला त्यांच्या घरी गेलो. आईनं ताजी बाटली दिली होती. आबांनी ती वाटभर मांडीवर सांभाळून आणली. बुवांनी हौसेनं घरात बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितला. बुवांचा चहा कपबशीतून आला. आमच्यासाठी वहिनींनी दाराबाहेरच्या कोनाड्यातले दोन कानतुटके कप काढले, आमच्यादेखत पुसले आणि त्यात वरून चहा ओतला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या आईनं ह्या माणसासाठी वेगळं जातं मागवलं, वेगळं मडकं ठेवलं. आणि ह्याच्या घरी आमच्यासाठी काय वेगळं होतं, तर हे! मी बोलणार तोच आबांनी माझा हात दाबला. ते हसून वहिनींना म्हणाले, "च्या नको वैनी. पोट बरं न्हाई."

बुवांनी ते ऐकलं. कप बघितले. ते कप त्यांना नवे नव्हते, घर त्यांचंच होतं. त्यांनी आबांपुढचा चहा उचलून मोरीत ओतला, तोच कानतुटका कप हातात घेतला आणि बाटलीतली नाचणी त्यात ओतली. कप भरला, पण ओठांपर्यंत जाईना. एवढा मोठा माणूस, आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

आबा उठले. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "प्या, बुवा. फेस बसतोय."